दुसरा डोळा देण्याआधी

१

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या तपासणीच्या खोलीत एक डोळा मेलेला सापडला.

माणूस जिवंत होता. चांगला टुणटुणीत, स्टुलावर बसून, हनुवटी मशीनवर टेकवून, आमच्या सर्जन मॅडम काय सांगतात त्याची वाट बघत होता. मॅडमनी त्याचा डावा डोळा झाकला आणि उजव्यात झोत टाकला. तो म्हणाला, "हं, लावा आता दिवा." दिवा लावलेलाच होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि दोघींच्याही तोंडचं पाणी पळालं.

मी इथल्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर. सव्वीस वर्षं डोळे आणि फक्त डोळे. माझी जीभ तिखट आहे, डॉक्टरलोकही मला वचकून असतात, खोटं कशाला बोलू. पण डोळ्यापुढे मी अजून हात जोडून उभी असते. एवढीशी ती गोटी, आणि सगळं जग तिच्यात मावतं. रोज बघूनही मला त्याची सवय झालेली नाही.

या माणसाला आम्ही ठसेवाले म्हणायचो. कापडावर छापायचे लाकडी ठसे कोरणं हा त्यांचा धंदा. तिळाएवढ्या पाकळीत पाच शिरा कोरतात, आणि त्या मोजून घ्यायला भिंग लागतं. आठ दिवसांपूर्वी, सोमवारी, आम्ही त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं होतं. डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला एक पातळ पडदा असतो, दुधावरच्या सायीइतका नाजूक, आणि चित्र उमटतं ते त्याच्यावर. त्यांचा तो पडदा सुटला होता. मॅडमनी तो जागेवर बसवला, कडेने लेसरचे टाके मारले, आणि शेवटी डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला. पडदा चिकटेपर्यंत तो बुडबुडा त्याला आतून दाबून धरतो. बुडबुडा नेहमी वर जाणार, म्हणून माणसाने आठवडाभर पालथं राहायचं. पंधरा दिवसांत गॅस आपोआप विरतो. डोळ्यातला पडदा हवेच्या बुडबुड्याने चिकटवायची कल्पना ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली, त्याला माझा साष्टांग नमस्कार.

ठसेवाल्यांचा पडदा नीट चिकटला होता, सुरकुती नाही की घडी नाही. पण तो फिका पडला होता आणि त्यातल्या रक्तवाहिन्या सुकून दोऱ्यासारख्या झाल्या होत्या. मधे केव्हातरी डोळ्याचं रक्त बंद पडलं होतं. केव्हा आणि कशाने, हे डोळा सांगत नव्हता. डोळ्यातला दाबसुद्धा अगदी ठीक होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मॅडमनी रिवाज म्हणून डावा डोळाही पाहिला, आणि त्याच्याही पडद्याला वरच्या बाजूला भोक पडून तो सुटायला लागला होता. मधला भाग, ज्याच्यावर माणूस वाचतो आणि कोरतो, तो अजून शाबूत होता. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी सकाळपर्यंत ऑपरेशन व्हायलाच हवं. तेच ऑपरेशन, तोच गॅस.

ठसेवाल्यांनी आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाले, "मला भांडायचं नाही आणि भरपाई नको. उजवा का गेला तेवढं सांगा. कळलं तर डावा देतो. नाही कळलं तर जाईना का आपल्या पायाने, तुमच्या हातून नको."

आणि डॉक्टरांनी डॉक्टरांची चौकशी करायची नाही, बाहेरचं कुणीतरी हवं, असंही म्हणाले. आमच्या इमारतीत बाहेरचं असं एकच माणूस होतं.

२

टिपणबाई. पस्तीस वर्षं न्यायालयात साक्षी उतरवून घेतल्या, निवृत्त झाल्या, आणि आता आमच्या तळमजल्यावर तक्रारींच्या टेबलामागे बसतात. ठेंगण्या, नाकावर दोरीचा चष्मा, हातात शिसपेन्सील. बोलणं अगदी थोडं, पण त्यांनी एकदा वही उघडली की भल्याभल्यांची बोलती बंद होते.

त्यांची एक खोड आहे. उत्तर लिहिण्याआधी त्या प्रश्न लिहून घेतात, शब्दन् शब्द. मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, साक्षीदार खोटं फार कमी बोलतात, पण विचारलं तेवढंच सांगतात. चूक बहुतेक वेळा प्रश्नात असते, म्हणून तो आधी लिहायचा.

वैद्यकातलं समजावून सांगायला त्यांच्या सोबत कुणीतरी हवं होतं. मॅडमनी मला दिलं. म्हणजे जिच्यावर संशय घ्यायचा तीच हाताला धरून खोल्या दाखवणार. मी पुढे होऊन दार उघडलं, आणि टिपणबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून एकदा पाहिलं.

बुधवारी सकाळी पहिल्या मॅडम. एरवी ही बाई पडद्यावर काम करताना श्वाससुद्धा मोजून घेते, पण त्या दिवशी चहा तसाच ठेवून घाईघाईने बोलायला लागली. त्यांनी स्वतःहून सांगितलं. ऑपरेशन चालू असताना आत एक बारीक रक्तवाहिनी फुटली. अशा वेळी डोळ्यातला दाब थोडा वेळ वाढवायचा, रक्त थांबतं. पण तोच दाब जास्त वेळ ठेवला तर डोळ्याला जाणारं सगळंच रक्त थांबतं. त्यांनी दाब वाढवला होता. किती वेळ, ते घड्याळात पाहिलं नव्हतं. दोन मिनिटं असतील, सहाही असतील. काल रात्रभर त्या बिछान्यात मिनिटं मोजत होत्या.

नंतर भुलीचे डॉक्टर. एरवी पेशंटला हसवून हसवून सुई टोचणारा हा माणूस, आज तोंड पाडून बसलेला. डोळा बधिर करायला डोळ्याच्या मागे सुई घालावी लागते. ठसेवाल्यांना नेमका त्याच क्षणी खोकला आला आणि सुई हलली. मागेच डोळ्याची मुख्य नस असते. तिला टोक लागलं असेल का, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. ते म्हणाले, मॅडमचा काही दोष नाही, माझंच काम असणार ते.

बाहेर आल्यावर टिपणबाई म्हणाल्या, "दोघांनाही विचारलं की काय झालं. दोघेही सांगतायत की मीच केलं. न्यायालयात असे आरोपी मिळाले असते तर मी रोज दुपारी घरी गेले असते."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि समोरच्या खुर्चीकडे पेन्सील दाखवली.

"बसा सिस्टर. आता तुम्ही."

३

गॅस मी भरते. सव्वीस वर्षं मीच भरते.

शुद्ध गॅस डोळ्यात घालता येत नाही. तो तसाच घातला तर डोळ्याच्या आत दुपटीने फुगतो. म्हणून मोठ्या सिरिंजमधे दहा भाग गॅस घ्यायचा आणि चाळीस भाग गाळलेली हवा. मग तो फुगत नाही, जेवढ्यास तेवढा राहतो. सोपं आहे. इतकं सोपं की हात आपला आपण करतो, डोकं दुसरीकडे असलं तरी.

आणि त्या सोमवारी डोकं दुसरीकडेच होतं. मी गॅस ओढत असताना दारातून कुणीतरी सांगितलं की अवजारं उकळायचं यंत्र बंद पडलंय. मी मान वळवली, दोन शब्द सुनावले, मान परत आणली तेव्हा सिरिंज पन्नासवर भरलेली होती. त्यात गॅस दहा होता की वीस, मला शपथेवर सांगता आलं नसतं. अशा वेळी ती सिरिंज फेकून नवी भरायची, हा नियम मीच नव्या पोरींना ओरडून शिकवते.

"फेकलीत?" टिपणबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं. पेन्सिलीचा तो आवाज माझ्या दाढेत जाऊन बसला. मला नोकरीची भीती नव्हती. भीती ही होती की तिळाएवढ्या पाकळीत पाच शिरा कोरणारा डोळा माझ्या आळसाने गेला असेल, आणि आता दुसराही माझ्यावरच्या अविश्वासाने जाईल.

त्यांनी पुढे विचारलं की गॅस जास्त झाला असता तर फुगायला किती वेळ लागला असता. मी म्हणाले, एक दिवस, फार तर दीड. त्यांनी फाईल ओढली. ऑपरेशननंतरच्या मंगळवारी सकाळी दाब पंधरा. बुधवारी घरी सोडताना सोळा. दोन्ही अगदी ठीक.

"मग तुमचा गॅस फुगला नाही."

खरंच की. इतके तास मी स्वतःला फासावर चढवत होते आणि उत्तर फाईलमधे होतं. पण आनंद व्हावा असं काही नव्हतं, कारण मी सुटले तर मॅडम आणि भुलीचे डॉक्टर दोघंही तसेच अडकलेले होते. त्यांच्या हातून झालं असेल तर ते टेबलावरच झालं, आणि त्यानंतरचा डोळा पट्टीखाली कधीचाच मेलेला असू शकतो. गॅस असताना पेशंटला धड दिसत नाहीच, म्हणून दिसतंय का हे आम्ही दोन्ही दिवस नीट विचारलंसुद्धा नव्हतं. दाब मोजला, थेंब घातले, घरी पाठवलं.

टिपणबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाल्या की खुनाच्या खटल्यात वकील सगळ्यात आधी एक प्रश्न विचारतो, आणि इथे तो अजून कुणीच विचारला नाही. मेलेल्याला शेवटचं जिवंत कुणी पाहिलं?

४

गुरुवारी सकाळी आम्ही ठसेवाल्यांच्या खाटेपाशी गेलो. डावा डोळा जपायचा म्हणून त्यांना नुसतं पडून राहायला सांगितलं होतं. त्यांची माझ्यावर नजर पडली, आणि मी खिडकीकडे बघायला लागले.

टिपणबाईंनी विचारलं, ऑपरेशननंतर उजव्या डोळ्याने तुम्हाला काही दिसलं होतं का?

ते पहिल्यांदाच हसले. म्हणाले, हे इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नाही. मग सांगायला लागले, आणि मी खिडकी विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

पालथं पडून राहायचा त्यांना त्रास नव्हता. जन्मभर मान खाली घालूनच काम केलं. पण हात रिकामे, डोकं रिकामं. गेल्या गुरुवारी सकाळी, घरी, थेंब घालायला बायकोने पट्टी काढली. त्यांनी सहज डावा डोळा मिटला. उजव्यात सगळं धूसर, पाण्याखाली असल्यासारखं. उशीवरचा हात जरा सरकला आणि अंगठा डोळ्याच्या अगदी जवळ आला, दोन बोटांच्या अंतरावर, आणि एकदम तो अंगठा स्वच्छ दिसायला लागला.

"स्वच्छ म्हणजे किती," ते म्हणाले, "भिंगातून दिसतं त्याच्या दसपट. रेषांच्या मधे घामाची भोकं दिसत होती, ओळीने. पस्तीस वर्षं कोरतोय, असा ठसा मला जमलेला नाही. मी तासभर बघत पडलो होतो निघायच्या आधी. ही म्हणाली, जेवा. मी म्हटलं, थांब."

मी तिथून उठून मॅडमना गाठलं आणि विचारलं, असं होतं का? त्या खुर्चीत ताठ बसल्या. हो, होतं. मागे पाण्याच्या जागी गॅस आला की डोळ्यातलं भिंग फार तीव्र होतं, दोन बोटांवरचं स्पष्ट दिसतं. पण त्यासाठी पडदा जिवंत हवा. मेलेल्या पडद्याला हे काही दिसणार नाही.

म्हणजे सोमवारच्या ऑपरेशननंतर, मंगळवार-बुधवार ओलांडून, गुरुवारी सकाळी तो डोळा जिवंत होता. नुसता जिवंत नव्हे, कधी कुणी पाहिलं नसेल असं काहीतरी बघत होता. भुलीच्या डॉक्टरांची सुई सुटली. मॅडमची मिनिटं सुटली. मॅडमनी दोन्ही हातांत तोंड लपवलं, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उगाच थोपटत राहिले. एका माणसाच्या डोळ्याने स्वतःच साक्ष देऊन तिघांना सोडवलं होतं, आणि तो स्वतः मात्र गेला होता.

टिपणबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या, पण त्यांना या सगळ्याचं काही नव्हतं. त्या भिंतीला टेकून आपलीच वही वाचत होत्या. न्यायालयात उतरवलेली साक्ष परत वाचून दाखवावी लागते, ती सवय. वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"'तासभर बघत पडलो होतो निघायच्या आधी,'" त्यांनी वाचलं. "सिस्टर, पालथा पडलेला माणूस गुरुवारी निघाला कुठे?"

५

वहिनी, म्हणजे ठसेवाल्यांची बायको, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. रोज तिथेच असत, मांडीवर डबा घेऊन. टिपणबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि सरळ विचारलं, गेल्या गुरुवारी कुठे गेला होतात?

"लेकीकडे," वहिनी म्हणाल्या. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. लेकीचं पहिलं बाळंतपण, ती डोंगरापलीकडच्या शहरात. दोन महिन्यांपूर्वीच विमानाची तिकिटं काढून ठेवली होती. मग यांच्या डोळ्याचं हे उद्भवलं, आणि आमच्या कागदावर लिहिलं होतं की गॅस असेपर्यंत विमानप्रवास करू नये. तिकिटं ताबडतोब रद्द केली. पण लेकीला एकटी कशी ठेवणार, आणि पालथ्या पडलेल्या माणसाला तरी घरी एकटं कसं ठेवणार? जावयाने मोठी गाडी पाठवली. मागच्या सीट काढून गादी घातली. वहिनींनी मधे खळगा असलेली उशी स्वतः शिवली, नाकाला त्रास नको म्हणून. सात तास हे पालथेच होते, एकदाही मान वर केली नाही. मंगळवारी मॅडमनी विचारलं होतं, नियम सगळे पाळले ना? वहिनी म्हणाल्या होत्या, सगळे. आणि ते खरंच होतं.

टिपणबाईंनी विचारलं, वाटेत काय काय झालं, अगदी बारीकसारीक सांगा.

तिसऱ्या तासाला त्यांचा डोळा ठणकायला लागला. मग डोकं, मग उलटी. "मी म्हटलं, गाडी लागली. खरं तर यांना गाडी कधी लागत नाही." घाटमाथ्यावर गार हवा होती, म्हणून ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. "दीड तास थांबलो, बरं वाटावं म्हणून. त्याच वेळी तुमचा फोन आला होता, सिस्टर. मी म्हटलं, एक उलटी झाली, आता पडलेत. मग आवाज तुटला."

घरी सोडलेल्या पेशंटला दुसऱ्या दिवशी फोन करायचा, हा आमचा शिरस्ता. मी केला होता. वहीत लिहिलं होतं, ठीक आहे.

घाट उतरला तसं यांचं दुखणं आपोआप थांबलं. उजव्याने मग नुसता अंधार दिसायला लागला, पण गॅस असेपर्यंत दिसणार नाही हे आम्हीच सांगितलेलं. परत येताना फक्त थोडं डोकं जड झालं. आणखी काही? नाही, आणखी काही नाही. हां, जाताना एक गंमत झाली. पिशवीतले वेफर्सचे पुडे वर गेल्यावर टम्म फुगले, आणि एक पुडा फट्कन फुटला. सगळे केवढ्याने दचकले, आणि मग हसत सुटले.

मी बाकावरून उठले. सव्वीस वर्षं मी गॅस भरते आणि हे मला त्या पुड्याने सांगावं लागलं. उंचावर हवा विरळ. बाहेरचा दाब कमी झाला की आत कोंडलेला गॅस फुगतो. पुडा फुटून मोकळा झाला. डोळा फुटत नाही, तो घट्ट असतो. मग आत दाब चढतो, इतका चढतो की रक्त आत शिरू शकत नाही. दीड तास. खाली उतरल्यावर बुडबुडा पुन्हा मुकाट्याने पहिल्याएवढा होतो, दाब उतरतो, मागे कसलीही खूण राहत नाही. डोंगर चढताना एका माणसाच्या डोळ्यात हे सगळं घडलं होतं आणि गाडीतल्या कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती.

वहिनींना ते मी बोलायच्या आधीच माझ्या चेहऱ्यावरून समजलं असावं. डबा मांडीवरून घरंगळला. "म्हणजे मीच नेलं त्यांना," त्या म्हणाल्या. "गार हवेत थांबा, हेही मीच म्हटलं."

टिपणबाईंनी त्यांचा हात धरला. दुसऱ्या हाताने पिशवीतून आमचा छापील कागद काढला, जो प्रत्येक पेशंटला घरी जाताना देतात. सातवी ओळ वाचली, परत वाचली. म्हणाल्या, "यात डोंगर हा शब्द नाही. लिहिलेलं तुम्ही तंतोतंत पाळलंत. तुमच्याकडे चूक नाही." मग माझ्याकडे वळल्या.

"हा कागद कुणी लिहिला?"

६

मी.

बारा वर्षांपूर्वीच्या जुन्या कागदावर लिहिलेलं होतं: गॅस असेपर्यंत उंचावर जाऊ नये. आमचं शहर सपाट, पेशंट सपाटीवरचे. उंच म्हणजे किती, यावरून लोक माझं डोकं खायचे. पलंगावर झोपू का, गच्चीवर जाऊ का. एक माणूस तिसऱ्या मजल्यावर राहायचा, तो घरी जायलाच तयार होईना, पंधरा दिवस खाली वॉचमनच्या खोलीत पालथा पडून राहिला. आम्ही हसून हसून लोळलो. मग मी म्हटलं, लोकांना कळेल असं लिहू या. उंच खोडलं आणि विमान घातलं. मॅडमनी सही केली, सगळ्यांना पटलं. बारा वर्षं त्या ओळीचा मला अभिमान होता.

मॅडम म्हणाल्या, सही माझी आहे, मी सांगते त्यांना. मी म्हटलं, अक्षर माझं आहे. आणि गुरुवारी दुपारी चार वाजता मी एकटीच ठसेवाल्यांच्या खाटेपाशी जाऊन बसले.

मी काही लपवलं नाही. घाट, दीड तास, फोन, पुडा, कागद, खोडलेला शब्द. सांगताना माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. ते छताकडे बघत ऐकत होते. बाहेरून स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला आणि गेला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस उठेल, चपला घालेल आणि डावा डोळा घेऊन जाईल, आणि महिन्याभरात त्याच्या घरातलं सगळं लाकूड तो नुसतं हाताने चाचपत बसेल.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "त्या वॉचमनच्या खोलीतल्या माणसाचं काय झालं?"

"चांगला आहे," मी म्हणाले. "अजून तपासायला येतो. डोळा उत्तम आहे त्याचा."

ते हसले, आवाज न करता, आणि त्यांच्या कानशिलांवरून पाणी ओघळलं. मग त्यांनी बायकोची चौकशी केली. तिला काय सांगितलंत? मी म्हटलं, तिने जे केलं ते कागदाबरहुकूम केलं, हेच. ते म्हणाले, तेच पुन्हा पुन्हा सांगत राहा, ती एकदा सांगून ऐकणारी नाही.

"उद्या गॅस कोण भरणार?"

मी म्हटलं, दुसरी सिस्टर भरेल, मी थिएटरमधे येणारसुद्धा नाही.

"तुम्हीच भरा," ते म्हणाले. "उद्या तुमच्याइतकी काळजी दुसरं कुणी घेणार नाही."

पण त्याआधी त्यांनी मला कागद काढायला लावला. सातवी ओळ नव्याने लिहायची, आत्ता, त्यांच्यासमोर. मी लिहिलेलं वाचून दाखवायची, ते म्हणायचे, हा शब्द काढा, इथे पोकळ वाटतंय, हा ठेवा. लाकूड तासावं तसं त्यांनी ते वाक्य तासलं. शेवटी उरलं ते असं: डोळ्यात गॅस आहे तोवर विमानात बसू नका आणि कुठल्याही वाहनाने घाट किंवा डोंगर चढू नका, घराचे जिने चालतील. टिपणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच काही न लिहिता निघून गेल्या.

शुक्रवारी सकाळी भुलीच्या डॉक्टरांनी आधी खोकून घ्यायला सांगितलं, दोनदा. मॅडमनी मला घड्याळासमोर उभं केलं आणि दाब वाढवायची वेळच आली नाही. मी गॅस भरला. दहा. थांबले, मोठ्याने म्हटलं, दहा. मग चाळीस हवा, तेही मोठ्याने. समोरच्या मॉनिटरवर आतलं दिसत होतं. तो सुटलेला पडदा पाण्यात हलत होता. मॅडमनी हवा सोडली आणि तो हळूहळू मागे सरकत, पसरत, भिंतीला जाऊन टेकला. हजारो वेळा पाहिलंय मी हे. त्या दिवशी मला गुडघे टेकावेसे वाटले.

शनिवारी सकाळी पट्टी काढली. ठसेवाले पालथे, तोंडासाठी भोक असलेल्या खास पलंगावर. मॅडमनी वरून विचारलं, काही दिसतंय? ते म्हणाले, सगळं धूसर. उजेड आहे एवढं कळतं. मॅडमच्या जिवात जीव आला, पण मला तेवढ्याने भागत नव्हतं.

पंचावन्न वर्षांची बाई मी, गुडघ्यांची बोंब. पण खाली बसले, फरशीवर आडवी झाले, आणि सरपटत त्या पलंगाखाली शिरले. पाठीवर वळून मान उचलली आणि माझा चेहरा त्यांच्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला, दोन बोटांवर. एवढ्या जवळून मी माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडेही कधी पाहिलेलं नाही. त्यांचा डोळा हलला. माझ्या कपाळावरून खाली आला, गालावर थांबला.

"सिस्टर," ते म्हणाले, "पापणीचा एक केस पडलाय गालावर तुमच्या. मुळाशी पांढरा आहे."

मला तो पुसायचा होता, पण हात उचललाच नाही. पलंगाखाली, थंडगार फरशीवर, सगळ्या वॉर्डाच्या देखत मी ढसाढसा रडायला लागले. वरून मॅडमनी घाबरून विचारलं, काय झालं, काय झालं खाली?

"काही नाही," ठसेवाले म्हणाले. "बाई रडतायत. दिसतंय मला."